जबड्याचा सांधा दुखतोय म्हणून चांगली दाढ काढू नका

काही महिन्यांपूर्वी मूर्तिजापूरकडच्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. वय चाळिशीच्या आत-बाहेर. सोबत सासूबाई आणि हातात जाडजूड फाईल. आठ महिन्यांपासून उजवा कान ठणकत होता. सासूबाईच बोलल्या, "डाक्टरसाहेब, कानात कायी नाही म्हन्तेत. मंग दुखते कायले?"

फाईल चाळली. कानात टाकायचे थेंब, तीन वेळा अँटिबायोटिक, सायनसचा एक्स-रे, डोक्याचा सीटी स्कॅन. सगळे रिपोर्ट नॉर्मल. मधल्या काळात उजव्या बाजूच्या दोन दाढा काढून झाल्या होत्या, कारण "कीड आतून असेल" असं कुणीतरी सांगितलं होतं. दाढा गेल्या, दुखणं राहिलं. आणि खरं सांगायचं तर त्या तीन अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्यांपैकी एक माझ्याच अक्षरातली होती. बीपी तपासला, घसा बघितला, कानात बॅटरी मारली आणि औषध लिहून मोकळा झालो होतो.

या वेळी मी दोन्ही कानांच्या पुढे एकेक बोट ठेवलं आणि म्हटलं, "हळूहळू तोंड उघडा." उजव्या बोटाखाली कट्ट असा आवाज झाला आणि बाई कळवळल्या. गालाचा स्नायू दाबला तर तिथेही तीच कळ. दुखणं कानात नव्हतंच, कानाच्या पुढे बोटभर अंतरावर असलेल्या जबड्याच्या सांध्यात होतं. तपासायला मिनिटभरही लागलं नाही. ते मिनिट आम्ही कुणीच आठ महिन्यांत दिलं नाही.

म्हणून हा लेख. दातांचा डॉक्टर नसूनही मी यावर लिहितोय, कारण हे रुग्ण आधी येतात ते आमच्यासारख्या फिजिशियनकडे आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. योग्य दारापर्यंत पोहोचायला त्यांना उशीर होतो, आणि पोहोचल्यावर कधीकधी नको ते होऊन बसतं.

हा सांधा आहे तरी कुठे?

आत्ता वाचता वाचताच दोन्ही कानांच्या अगदी पुढे बोटं ठेवा आणि तोंड उघडून मिटा. बोटाखाली काहीतरी सरकताना जाणवेल. तो जबड्याचा सांधा. खालच्या जबड्याचं गोलसर टोक कवटीच्या खोबणीत बसतं आणि दोघांच्या मध्ये एक लवचिक चकती असते. शरीरातले बरेच सांधे दारासारखे एकाच बिजागरीवर फिरतात. हा सांधा आधी फिरतो आणि मग पुढे सरकतो. शिवाय डावा आणि उजवा सांधा एकाच हाडाला जोडलेले असल्यामुळे दोघांना कायम एकत्रच काम करावं लागतं. बोलणं, चावणं, गिळणं, जांभई सगळं यांच्यावर.

बिघाड साधारण तीन प्रकारचे असतात. पहिला आणि सगळ्यात जास्त दिसणारा म्हणजे स्नायूंचा. गालाचे आणि कानशिलाचे स्नायू सतत आवळलेले राहून दुखतात. दुसरा चकतीचा. चकती जागेवरून पुढे सरकते, तोंड उघडताना परत जागेवर येते आणि कट्ट वाजतं. कधी ती परत येतच नाही आणि तोंड एकाएकी अर्धंच उघडतं. तिसरा सांध्याच्या हाडाचा, म्हणजे झीज किंवा आमवातासारख्या आजाराची सूज.

कान का दुखतो? सांधा आणि कानाची नळी यांच्यामध्ये जेमतेम पातळ भिंत आहे आणि दोन्हींच्या संवेदना बऱ्याच अंशी एकाच नसेच्या फांद्यांमधून जातात. मेंदूची गफलत होते. बिघाड सांध्यात आणि तक्रार कानाची. कान भरल्यासारखा वाटणं, कानशिलं ठणकणं, सकाळी उठल्यावर गाल जड वाटणं हीसुद्धा याचीच लक्षणं असू शकतात.

एक धीर देणारी गोष्ट आधीच सांगतो. जबडा नुसताच वाजत असेल, दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल, तर उपचाराची गरज नाही. असे वाजणारे जबडे घरोघरी आहेत. त्या आवाजाच्या मागे लागू नका.

आपल्या वऱ्हाडात आधी एक प्रश्न विचारावाच लागतो

"तोंड उघडत नाही" म्हणून कुणी आलं की मी पहिला प्रश्न विचारतो, "खर्रा खाता का?" पुण्याच्या डॉक्टरला कदाचित हा प्रश्न सुचणार नाही, पण अमरावती-अकोल्यात तो चुकवून चालत नाही.

सुपारीतल्या घटकांमुळे गालाच्या आतल्या नाजूक अस्तराखाली तंतू साचत जातात. अस्तर पांढरट आणि कडक होतं, जणू गालाच्या आत दोऱ्या ताणल्या आहेत. मराठीत याला सोपं नाव नाही, डॉक्टर 'सबम्युकस फायब्रोसिस' म्हणतात. भारतात या आजाराचं वर्णन १९५३ मध्येच डॉ. जोशी यांनी केलं होतं, म्हणजे वैद्यकशास्त्राला तो सत्तर वर्षांपासून माहीत आहे. सुपारी कॅन्सरकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनेही जाहीर केलेलं आहे, मग तिच्यात तंबाखू असो वा नसो. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली. पण खर्रा काही कारखान्याच्या पुडीत येत नाही. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना समोरच पन्नीत घोटून मिळतो.

असा तरुण मुलगा येऊन म्हणतो, "जबडा जाम झाला, काहीतरी गोळी द्या." त्याला वाटतं सांधा अडकला. फरक कसा ओळखायचा? सांध्याच्या आजारात बहुधा दुखतं, वाजतं, तोंड एका बाजूला वाकडं उघडतं आणि कधी एकाएकी अडकतं. सुपारीच्या आजारात तोंड महिनोन् महिने हळूहळू, फारसं न दुखता लहान होत जातं. त्याच्या आधीपासून तिखट झोंबायला लागतं, साध्या वरणानेही तोंडाची आग होते.

घरी करायची तपासणी सोपी आहे. तुमचीच मधली तीन बोटं एकावर एक अशी उभी धरून समोरच्या दातांमध्ये घाला. तीन बोटं आरामात गेली तर ठीक. दोनच जात असतील तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. खर्रा, गुटखा, सुपारी खात असाल तर याच आठवड्यात दाखवा. साचलेले तंतू पूर्ण विरघळवणारं औषध नाही, पण सुपारी सोडली तर आजार पुढे सरकण्याला आळा बसतो, व्यायामाने उघडझाप टिकवता येते, आणि कॅन्सरकडे झुकणारा डाग वेळेत सापडतो. तोंडात दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला कोणताही चट्टा, गाठ किंवा जखम तशीच ठेवू नका.

दातांचे डॉक्टर नेमकं काय करतात?

बऱ्याच लोकांची समजूत अशी की दातांचा डॉक्टर म्हणजे दात काढणं, सिमेंट भरणं, कवळी बसवणं. जबड्याचा सांधा आणि त्याचे स्नायू हासुद्धा त्यांच्याच अभ्यासाचा भाग आहे. चांगली तपासणी अशी असते. दुखणं कधी सुरू झालं, सकाळी जास्त की संध्याकाळी, झोप कशी, ताण कसला, डोकं दुखतं का हे विचारलं जातं. मग सांधा आणि स्नायू दाबून कुठे दुखतं ते बघतात. तोंड किती उघडतं ते पट्टीने मोजतात. मोठ्या माणसाचं साधारण ४० मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त उघडायला हवं. उघडताना हनुवटी कुठल्या बाजूला जाते, आवाज येतो का, दात घासून सपाट झालेत का, गालाच्या आत चावल्याची रेघ आहे का हे पाहतात. कीड, अक्कलदाढ, हिरड्यांतला पू ही कारणं नाहीत ना याची खात्री करतात.

निदान इथेच, बोलण्यात आणि बोटांच्या टोकाला होतं. पूर्ण जबड्याचा एक एक्स-रे बहुतेकदा पुरतो. हाडाची शंका असेल तर सीटी, चकतीचा प्रश्न असेल आणि उपचार त्यावर ठरणार असेल तरच एमआरआय. पहिल्याच भेटीत महागडा एमआरआय सांगितला तर "याने उपचारात काय बदल होईल?" असं नम्रपणे विचारा.

आणि उपचार?

बहुतेकांना काही आठवडे ते काही महिन्यांत साध्या उपायांनी आराम पडतो. ते उपाय इतके साधे आहेत की लोकांचा विश्वास बसत नाही.

दातांना सुटी द्या. जेवताना आणि गिळताना सोडून वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नसावेत. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ सैल. अमरावतीच्या अभ्यासिकांमधून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली माझ्याकडे डोकेदुखी घेऊन येतात. तासन् तास पुस्तकावर मान वाकवून दात आवळून बसलेली असतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. पुस्तकाच्या कोपऱ्यावर एक टिंब काढा. ते दिसलं की जबडा सैल सोडा.

दोन-तीन आठवडे मऊ खा. खिचडी, वरणभात, दुधात कुस्करलेली पोळी. हुरडा, ऊस, फुटाणे, कडक भाकरी आणि च्युइंगम थोडे दिवस लांब ठेवा. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा. फोन मान आणि गालात दाबून बोलू नका.

गालाला दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं कोमट शेक द्या. अकोल्याच्या मे महिन्यात शेक घ्या म्हटलं की लोक माझ्याकडे बघून हसतात. हसा, पण घ्या. आवळलेला स्नायू शेकाने सैल होतो.

फिजिओथेरपिस्ट किंवा दातांच्या डॉक्टरांनी शिकवलेले जबड्याचे आणि मानेचे व्यायाम करा. हे माझं एकट्याचं मत नाही. २०२३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाची मार्गदर्शक सूत्रं छापली. जुनाट दुखण्यासाठी त्यांनी ठामपणे सुचवलेल्या गोष्टी याच होत्या: व्यायाम, हाताने केलेली फिजिओथेरपी, आजार समजावून सांगणं आणि दुखण्याबद्दलच्या विचारांवर काम करणारं समुपदेशन.

वेदनाशामक गोळी लागली तर थोडे दिवसच, पोटात काही असताना. बीपी, किडनी किंवा अल्सरचा त्रास असणाऱ्यांनी दुकानातून स्वतःच्या मनाने घेऊ नये. दुखणं जुनं असेल, झोप उडाली असेल तर रात्री एक सौम्य गोळी काही महिने द्यावी लागते. ती आम्ही आणि दातांचे डॉक्टर मिळून ठरवतो.

रात्री दात खाणाऱ्यांसाठी दातांच्या मापाची ॲक्रिलिकची पट्टी बनवतात, तिला स्प्लिंट म्हणतात. तिच्याबद्दल मी मुद्दाम स्पष्ट लिहितो. ती दातांची झीज वाचवते, काहींना आरामही देते. पण त्याच सूत्रांनुसार जुनाट दुखण्यावर पट्टी हा पहिला उपाय नाही. दिली तर ती काढता येणारी असावी, दर काही आठवड्यांनी तपासलेली असावी, आणि बाकीचं काहीच न करता नुसती पट्टी घालून बसू नये.

माझं मत: मागे फिरता येईल असाच उपचार आधी

या आजाराला एक खोड आहे. तो कमी-जास्त होत राहतो आणि बऱ्याचदा आपोआप शांत होतो. त्यामुळे दुखणं जोरात असताना जो उपचार केला जाईल त्याला श्रेय मिळतं, मग ती मालिश असो, ताईत असो की दातांवर चालवलेलं मशीन. पण मालिश विसरता येते. घासलेला दात परत उगवत नाही.

१९३४ मध्ये कॉस्टन नावाच्या अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञाने मांडलं की दाढा पडल्यामुळे जबडा मागे सरकतो आणि कानाजवळ दाब येऊन दुखतं. कान आणि जबड्याचा संबंध त्याने लक्षात आणून दिला हे मोठंच काम. त्याचं कारणाचं गणित मात्र पुढे टिकलं नाही. तरीही "तुमची चावच चुकीची आहे" हा विचार अनेक दशकं राहिला आणि दुखण्यापोटी कितीतरी निरोगी दात घासले गेले, कितीतरी दातांवर टोप्या चढल्या. चाव बदलल्याने हे दुखणं बरं होतं याला भक्कम पुरावा मिळालेला नाही.

याहून वाईट गोष्ट १९८० च्या दशकातली. अमेरिकेत या सांध्यातली चकती काढून त्या जागी टेफ्लॉनचा थर असलेले तुकडे बसवले गेले. चावण्याच्या दाबाखाली ते झिजले, त्यांच्या कणांमुळे आजूबाजूचं हाड खाल्लं गेलं. १९९०-९१ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेला ते बाजारातून मागे घ्यायला लावावे लागले. तोवर अनेक रुग्णांचे सांधे कायमचे बिघडले होते. त्यातले कित्येक जण सुरुवातीला केवळ दुखतंय म्हणून आलेले होते.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. किमान तीन महिने साधे उपचार नीट झाल्याशिवाय, केवळ सांध्याच्या दुखण्यापायी, निरोगी दात काढणं, घासणं, सगळ्या दातांना टोप्या घालणं, चाव बदलायला तारा लावणं यांतलं काहीही मान्य करू नका. कीड असेल, पू असेल, तर दातावर उपचार व्हायलाच हवा. पण मग तो दात एक्स-रेवर दाखवता आला पाहिजे. "आतून असेल" हे निदान नव्हे. मोठा खर्च सांगितला तर दुसरं मत घ्या. अमरावतीत दंत महाविद्यालय आहे, नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे मुखरोगाचा आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग असतो. दुसरं मत विचारल्याने चांगला डॉक्टर रागावत नाही. मीही रागावत नाही.

शस्त्रक्रिया कधीच नको, असं मात्र नाही. अडकलेला सांधा सुईने धुऊन काढण्याचा उपाय काही निवडक रुग्णांना उपयोगी पडतो. आणि लहान मुलांच्या बाबतीत तर वाट बघणंच धोक्याचं. मूल हनुवटीवर आपटलं, वरून टाके घातले, जखम भरली, पण सांध्याजवळचं हाड मोडल्याचं कुणाच्या लक्षातच आलं नाही, असं होतं. पुढे सांधा हाडाने जुळून येतो, तोंड उघडत नाही आणि चेहरा एका बाजूने वाढायचा थांबतो. हनुवटीवर पडलेल्या मुलाचं तोंड पूर्ण उघडतंय का हे आईवडिलांनी पुढचे काही महिने बघत राहावं. कमी वाटलं तर लगेच जबड्याच्या सर्जनकडे न्यावं.

आधी आमच्याकडे किंवा थेट दवाखान्यात कधी?

चालताना, जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबलं की थांबतो, सोबत घाम, छातीत जडपणा असेल तर दातांकडे जाऊ नका. तो हृदयाचा त्रास असू शकतो, ताबडतोब ईसीजी काढा. जखम झाल्यानंतर काही दिवसांत तोंड उघडेनासं झालं, मान ताठली, तर ती धनुर्वाताची दातखिळी असू शकते, तासही घालवू नका. ताप, गालावर किंवा गळ्याखाली सूज, गिळायला त्रास असेल तर दाढेचा पू पसरतोय, त्याच दिवशी दवाखाना गाठा. साठीनंतर नव्याने कानशील दुखणं, चावताना जबडा दमणं आणि नजर अंधुक होणं हे एकत्र आलं तर आम्हाला लगेच भेटा. जांभई देताना तोंड उघडंच राहिलं, मिटतच नसेल, तर जबडा निखळला आहे. तो डॉक्टरांकडूनच बसवून घ्या, हाडवैद्याकडून नको.

त्या शिक्षिकांना मी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. रात्रीची पट्टी, व्यायाम, मऊ जेवण आणि वर्गात दात आवळून न बोलण्याची सवय. चौथ्या महिन्यात त्या आल्या तेव्हा दुखणं बरंच कमी होतं. जबडा अजून वाजतो, पण त्यांनी त्याच्याकडे लक्ष देणं सोडलंय. उजव्या बाजूने चावता मात्र येत नाही, कारण तिथे दाढा नाहीत. त्या परत बसवायला आता खर्च येणार आहे आणि तो त्यांनाच करावा लागणार आहे.

तेव्हापासून कानदुखीचा रुग्ण आला आणि कान स्वच्छ दिसला की मी चिठ्ठी लिहिण्याआधी कानापुढे बोट ठेवतो. तुमच्या डॉक्टरांनी ठेवलं नाही, तर तुम्हीच म्हणा, "डॉक्टर, जरा जबडापण बघा."